बाबा बेळगावला गेले होते

पालये, पेडणे
११ जानेवारी १९८७

देवकी बाय,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमनने ते वाटेत वाचलं होतं, हे त्याच्या तोंडावरूनच कळलं. पुढच्या वेळी एवढं चिडून लिहायचं असेल तर आंतर्देशीय वापर गे.

तू लिहितेस, डिसेंबरात मडगाव पेटलं, रस्त्यांवर झाडं आडवी पडली, दारं-जनेलं लावून आम्ही तिघं घरात बसून होतो, आणि पालयेहून माणूस सोड, एक ओळसुद्धा आली नाही. "आम्ही मेलो असतो तरी बाबांनी चतुर्थीचं भांडण सोडलं नसतं." हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझ्या वहिनीला ते वाचून दाखवलं नाही.

माझ्यापुरतं सांगतो. त्या दिवसांत मी केरीच्या फेरीबोटीवरून हललो नाही. तेरेखोलच्या लोकांना दुसरी वाट नाही, त्यामुळे आमच्या सगळ्यांच्या रजा बंद केल्या होत्या. एकदा पेडण्याला जाऊन भावोजींच्या बँकेत फोन लावून पाहिला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. एवढ्याने समाधान व्हावं असं माझंही म्हणणं नाही.

बाबांचं म्हणशील, तर ते इथे नव्हतेच. बेळगावला गेले होते. सकाळी उठून खाकी पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाले, "बेळगावाक वतां. पेन्शनीचां काम आसा." तुझ्या चंद्रावती वहिनीने पाव आणि सुकी चटणी बांधून दिली. परत आले ते पाय सुजवूनच. चीनच्या लढाईत नेफात दोन बोटं गेली, तोच पाय. बेळगावच्या स्टँडवर पडलो म्हणाले. वहिनीने मिठाच्या पाण्याने शेक दिला. बरे आहेत आता.

चतुर्थीला कोण काय बोललं ते मी उगाळत नाही. भावोजी म्हणाले कोकणी राजभाषा व्हायलाच हवी, बाबा म्हणाले बोलायला कोकणी, लिहायला मराठी, पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललंय. तिथवर ठीक होतं. प्रत्येक घरात तेच चाललं होतं. पण तू भाताची ताटली खाली ठेवून म्हणालीस, "आई जन्मभर तुमच्या पत्रांची वाट बघत राहिली, पण तिने तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. कशी लिहिणार? ती जे बोलायची त्याला तुम्ही भाषाच मानत नव्हता." आणि बाबा म्हणाले, "ऊठ. तुज्या मडगावाक चल. परत हांगा पाय घालू नाका."

दोन्ही वाक्यं या घरात अजून आहेत. केर काढताना निघत नाहीत.

गौरवीला मुके. भावोजींना नमस्कार सांग, घेणार असतील तर.

दादा


२ फेब्रुवारी १९८७

देवकी,

आंतर्देशीय मिळालं. पोस्टमन नाराज आहे.

तू विचारलंस, "त्या दिवसांत सगळ्या बसगाड्या बंद होत्या, मग बाबा बेळगावला गेले कशाने?" हा प्रश्न माझ्याही मनात आला होता. मी विचारला नाही. बाबांना प्रश्न विचारायची आपल्या घरात रीत कुठे आहे? तो राहू दे बाजूला.

पण दुसरं एक लिहिलंयस त्याला उत्तर देतो. तू म्हणतेस, "मला बाप मिळाला तो सातव्या वर्षी. आयता, मिशीसकट. तोपर्यंत त्याने मला पाहिलंही नव्हतं." बाय, पाहिलं होतं. तुला आठवणार नाही, मला आठवतं. तुझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा असण्याचा तेवढा तरी उपयोग.

बाबा महायुद्धाच्या काळात घरातून निघून आरोंद्याला उतरले, तिथून चालत सावंतवाडी, पुढे बेळगाव, आणि फौजेत भरती झाले. तेव्हा आपली नदी ओलांडायला कुणाला विचारावं लागत नव्हतं. रजा मिळाली की होडीत बसून घरी. चोपन्नमध्ये नाकी बंद झाली. आरोंदा हिंदुस्थानात, किरणपाणी पोर्तुगिजांकडे. हिंदुस्थानच्या फौजेतला हवालदार इकडच्या काठाला सापडला असता तर सरळ आग्वादचा तुरुंग. त्याच वर्षाच्या शेवटी तू जन्मलीस.

तेव्हापासून बाबा दर रजेला आरोंद्याला येऊन बसत. सोनाबाई म्हणून एक मासळीवाली होती, पोर्तुगीज चौकीवरच्या पाखल्या शिपायांना बांगडे देऊन दोन्ही काठांवर फिरायची. ती आईच्या कानात सांगून जायची, अमुक वारी. त्या दिवशी आई धुणं घेऊन किरणपाण्याला उतरायची. धुतलेलेच कपडे पुन्हा धुवायची. तुला लाल झबलं घातलेलं असायचं, लांबून ओळखू यावी म्हणून. पलीकडे माडाखाली धोतर नेसलेला एक माणूस छत्री धरून बसलेला. तेच आपले बाबा.

पाखल्याची पाठ वळली की आई तुला दोन्ही हातांनी उचलून वर धरायची. मग फिरवून पाठ दाखवायची. मी एकदा विचारलं, पाठ कित्याक? तर म्हणाली, "बापाशीक पुराय चेडू दिसाक होया." बापाला अख्खी पोर दिसायला हवी.

बाबा छत्री मिटायचे आणि उघडायचे. म्हणजे दिसली.

आणि आणखी एक. आई बोलायची. कपडे आपटता आपटता, मान खाली घालून, हळू. गाईला पाडा झाला, कौलं बदलून घेतली, विनायक पाढे म्हणतो, देवकीक दात इले. सगळं घर सांगायची. मधे एवढी रुंद नदी, भरतीचा आवाज, पलीकडे जाणार नाही हे तिला काय कळत नव्हतं? तरी सांगायची. सगळं सांगून झालं की पिळे खांद्यावर टाकून उठायची.

तिने लिहिलं नाही हे तुझं खरं. पण ती गप्प नव्हती.

गोवा मोकळा झाल्यावर बाबा पहिल्यांदा घरी आले तो दिवस तुला आठवतो, कारण तू मडक्यामागे लपून "हो कोण?" म्हणाली होतीस आणि आई हसून हसून रडली होती. त्यांनी तुझ्यासाठी लोकरीचा झगा आणला होता. तो तुझ्या डोक्यातूनही जाईना, म्हणून तू भोकाड पसरलंस. एवढा लहान का आणला, कधी विचार केलास? नदीपलीकडून तेवढीच दिसायचीस म्हणून.

दादा


१५ फेब्रुवारी १९८७

देवकी,

तुझं उत्तर यायच्या आत लिहितो आहे, कारण हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

राजभाषेचा कायदा झाल्याची बातमी रेडिओवर लागली तेव्हा बाबा दारापुढच्या बाल्कांवात बसले होते. कोकणी राजभाषा, मराठीचाही वापर चालू राहील, वगैरे तू ऐकलंच असशील. तुमच्याकडे फटाके वाजले असतील. आमच्याकडे पेडण्यात लोक तोंडं पाडून बसले. आता बाबा कुणावर तरी ओरडणार म्हणून मी तयारीत होतो. ते उठले. रेडिओ बंद करून बराच वेळ सुपारी कातरत राहिले.

मग मीच, का कोण जाणे, तुला लिहिलेलं त्यांना सांगितलं. म्हटलं, "बाबा, किरणपाण्याक आई बोलत असायची, ठाऊक आसा तुमकां?"

अडकित्ता थांबला. "माका दिसतालां, ती तुमकां दापटता," म्हणाले. त्यांना एवढी वर्षं वाटत होतं की आई आम्हाला ओरडते आहे. पाण्याजवळ जाऊ नका, नीट उभे राहा, असं काहीतरी.

"मगे कितें सांगताली?"

मला आठवत होतं ते सांगितलं. तिच्याच शब्दांत, कारण दुसऱ्या शब्दांत मला ते येतच नाही. पाडा, कौलं, तुझे दात, शिरवाळ्यांसाठी फोडलेला नारळ खवट निघाला तो, सोनाबाईच्या सुनेचं बाळंतपण. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मधेच म्हणाले, "पाड्याचां नाव कितें दवरलां?" मला नाव आठवेना. त्यांना त्याचं फार वाईट वाटलं.

आणि मग, देवकी, त्यांनी नेफाचं सांगितलं. आपण लहानपणी विचारून विचारून थकलो होतो. "थंड होतां" यापलीकडे कधी गेले नाहीत.

बासष्टला ते खेचरांच्या तुकडीवर होते. वर चौक्यांना शिधा आणि दारूगोळा पोचवायचा. त्यांचं स्वतःचं एक मादी खेचर होतं, तिला ते गंगा म्हणत. रस्ता तुटला, मागे फिरायचा हुकूम झाला, आणि जनावरं तिथेच सोडून द्या म्हणून सांगितलं. बाकीची खेचरं गेली. गंगा जाईना. बाबांच्या मागून चालत राहिली. बाबांबरोबर चंदगडचा हरी पाटील म्हणून नाईक होता. त्यानेच बाबांना बेळगावात मराठी लिहा-वाचायला शिकवलं होतं. तुला माहीत आहे का हे? आपले बाबा फौजेत गेले तेव्हा अंगठेबहाद्दर होते. आईला पत्र पाठवता यावं म्हणून अक्षरं शिकले. हरी पाटील रात्री कंदिलाशी बसून गिरवून घ्यायचा.

तो हरी पाटील त्या बर्फात बसला तो उठला नाही. 

वाट चुकून ते भूतानच्या बाजूला उतरले. पाय काळे पडले होते. एका दगडी घरात एक म्हातारी होती. तिने बूट कापून काढले, पायांना गवत आणि लोणी बांधलं, खारट चहा पाजला. गंगेला तिने स्वतःच्या गोठ्यात घेतलं. बाबा तिच्याकडे बरेच दिवस राहिले. ती दिवसभर बोलायची. हेही बोलायचे, आपल्या घरच्या भाषेत, कारण तिथे हिंदी काय, मराठी काय, सारखंच. "तिची भास खंयची, सरकारी काय बिनसरकारी, माका कळूंक ना," बाबा म्हणाले. "ती माका एका नावान साद घालताली. मी मनात धरलां, झिला म्हणता." बाळा म्हणते, असं.

एवढं सांगून ते उठले आणि सुपारीची टोपली आत ठेवायला गेले. निघताना गंगा तिथेच राहिली, म्हातारीकडे.

हे कायद्याच्या बातमीनंतर सांगितलं म्हणून त्याचा काही अर्थ लावू नकोस. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र वाचताना पुन्हा दात-ओठ खात होते.

दादा


२१ मार्च १९८७

देवकी,

तुझ्या दोन ओळी मिळाल्या. "झगा अजून आहे, गौरवीच्या बाहुलीला बसतो." माझ्यासाठी तेवढ्या पुष्कळ झाल्या.

आता बेळगावचं.

बेतीच्या फेरीबोटीवरचा गोपाळ आमच्याकडे केरीला बदलून आला. माझ्या लग्नात जेवून गेलेला, बाबांना ओळखतो. पहिल्याच दिवशी दोर बांधता बांधता विचारलं, "तुझो बापूस सुखरूप पावलो मरे घरा? त्या गडबडीच्या दिसांनी माका त्याची काळजी लागिल्ली."

मी म्हटलं, कुठून पावला?

मांडवीचा पूल पावसाळ्यात पडला तेव्हापासून पणजीला जायला बेतीच्या बोटीशिवाय मार्ग नाही. डिसेंबरात ती बोटही बंद करायची वेळ आली होती. गोपाळ सांगतो, शेवटच्या खेपेला एक म्हातारा लंगडत आला, खाकी पिशवी खांद्याला. बोट सुटत नाही म्हटल्यावर गोपाळच्या अंगावर गेला. "बोट सरकारची, मीय सरकारचो शिपाय. सोड." विचारलं, खंय वतात? तर म्हणाला, "मडगावाक. धुवेकडे." लेकीकडे.

संध्याकाळी घरी आलो. बाबा पायाला तेल चोळत होते. मी सरळ विचारलं, "बाबा, बेळगावात पेन्शनीचां ऑफिस खंय आसा?"

माझ्याकडे बघितलं. "गोपाळ हांगा इलो?"

मग सगळं निघालं, तुकड्या तुकड्यांनी. पालयेहून म्हापशापर्यंत बरीचशी वाट चालत, थोडी एका विटांच्या ट्रकात. पणजीपासून जुवारीपर्यंत चालत. पुढे कुठ्ठाळी, वेर्णा, नुवे, सगळं चालत. जागोजाग झाडं तोडून आडवी टाकलेली, आणि प्रत्येक झाडाशी पोरांचा घोळका. म्हापशाच्या बाजूला मराठीवाले होते. "आजोबा, कुठे?" बाबा मराठीत म्हणाले, "लेकीकडे चाललोय बाबांनो." सोडलं. जुवारीपलीकडे कोकणीवाले. "आजो, खंय?" बाबा म्हणाले, "धुवेक पळोवंक वतां." तिथे तर दोघांनी बगलेत धरून ओंडक्यावरून पलीकडे उतरवलं, एकाने पाणी दिलं. सांगताना बाबा स्वतःवरच वैतागल्यासारखे म्हणाले, "दोनूय उपेगाक पडल्यो."

तुझ्या गल्लीच्या तोंडाशी पोदेराचं पावाचं दुकान आहे ना, तिथे आडोशाला उभे राहिले. तू वरच्या बाल्कांवात गोधडी वाळत घालत होतीस. गौरवी तुझ्या पदराला धरून पाव खात होती. तू तिला काहीतरी म्हणालीस, ती हसली. मग दोघी आत गेलात, जनेल लावलंत.

"आनी मगे?"

"मगे कितें? परतलों."

मी म्हटलं, एवढा जीव धोक्यात घालून गेलात, भितर कित्याक गेलात नाय? तेव्हा जे म्हणाले ते जसंच्या तसं लिहितो.

"तिका मी सांगलां, हांगा पाय घालू नाका. आता मी खंयच्या तोंडान तिच्या घरात पाय घालू?"

हे तुला सांगू नको म्हणून त्यांनी मला शपथ घालायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, माझ्या ड्यूटीची वेळ झाली, आणि निघालो. शपथ घेतलेली नाही. तेव्हा हे पत्र लिहायला हरकत नाही.

दादा


१२ एप्रिल १९८७

देवकी,

भावोजी असे निघतील असं वाटलं नव्हतं!

तुझं पत्र मी बाल्कांवात मोठ्याने वाचलं, बाबांसमोर, वहिनी दाराआड. तू माझं पत्र भावोजींना वाचून दाखवत असताना ते उठून दूध आणायला निघाले, आणि दूध तर घरात होतं, इथवर आल्यावर बाबांनी डोळे मिटून घेतले. पुढे तू लिहितेस, "मग मी दार अडवून उभी राहिले." वहिनी आतून म्हणाली, "बरां केलां!"

म्हणजे बाबा पोदेराच्या दुकानाशी उभे असताना भावोजी पाव आणायला खाली आले होते. त्यांनी बाबांना ओळखलं, वर चला म्हणून हात धरला, बाबांनी हात सोडवून घेतला. पायातून रक्त येत होतं. तेव्हा भावोजींनी त्यांना मिंगेल पोदेराच्या मागच्या खोलीत नेऊन झोपवलं, जेवायला शीतकडी पोचवली, आणि दुसऱ्या दिवशी 'मला बँकेत पहारा द्यायला बोलावलंय' असं तुला सांगून बाबांबरोबर जुवारीच्या पुलापर्यंत चालत गेले! आणि वाटभर दोघं भांडत होते. राजभाषा, शाळा, लिपी. ओंडक्याशी पोरांनी अडवलं की भांडण थांबवायचं. भावोजी म्हणायचे, "म्हजो मांव," माझे सासरे. पलीकडे गेलं की पुन्हा सुरू. पुलाशी निरोप घेताना बाबांनी वचन घेतलं, देवकीला कळता कामा नये.

पत्र वाचून संपल्यावर बाबा डोळे न उघडता जावयाबद्दल म्हणाले, "गोकुळदासान सांगलां कित्याक?" मग थोड्या वेळाने, "माणूस बरो. विचार तेवढे चुकीचे." मी पैज लावतो, भावोजीही घरी हेच म्हणत असतील.

मला हसू येत होतं. पण तुझ्या पत्राचा शेवट हसण्यासारखा नाही, आणि तोही मी वाचला. "तुम्ही सगळ्या पुरुषांनी आपापसात मिटवून घेतलंत. एक चालून आला, एकाने पोचवला, एकाने पत्रं लिहिली. मला मात्र कुणी काही बोललं नाही. मी चार महिने समजत होते की माझा बाप मला मेली समजतो. घरात पाय घालू नको हे बाबांना माझ्या तोंडावर सांगता आलं. तर ये, हेही माझ्या तोंडावर सांगू देत. त्याशिवाय मी येणार नाही."

बरोबर आहे तुझं. मला मधे घालून हे मिटणार नाही, हे मलाही पटलं. बाबांना म्हटलं, "ऐकलात?" ते उठून माडांना पाणी घालायला गेले. सकाळीच घातलं होतं.

दादा


३१ मे १९८७

देवकी,

हे पत्र पोस्टाने येत नाही.

काल गोवा राज्य झाल्याचा समारंभ पेडण्याला झाला. माजी सैनिक म्हणून बाबांना पहिल्या रांगेत बसवलं. कोट घालून गेले होते, या उकाड्यात. घरी येऊन कोट काढला, म्हणाले, "जालां एकदाचां राज्य."  मग टेबलाशी बसले, माझं पेन मागितलं, आणि लिहायला लागले.

मी पाठीमागून बघितलं, तेवढा अपराध माझा. "चि. सौ. देवकी हिस" एवढं लिहून थांबले. कागद बाजूला केला. दुसऱ्यावर पुन्हा तेवढंच. ज्या माणसाने बर्फात बसून आईला पानंच्या पानं लिहिली, त्याला पुढचा शब्द सुचेना. तिसरा कागद घेतला, त्यावर काही न लिहिता पेन परत दिलं. "बरवन जायत नाय," म्हणाले. लिहून होत नाही. "म्हापशाची पयली बस कितल्याक?"

चंद्रावती रात्रीच उठून बसली आहे. पिशवीत मानकुराद आंबे आहेत, सोलं आहेत, गौरवीसाठी काजूचे लाडू आहेत. सोबत मी येतो म्हटलं तर माझ्याकडे असं बघितलं की मी विषयच सोडला. म्हणून हे पत्र त्यांच्या हाती देतो आहे. देवकीला तातडीचं द्यायचंय, तुम्ही जाताच आहात तर पोचवा, असं म्हणणार आहे. तातडीचं काही नाही हे त्यांना कळेल. पण दारात उभं राहिल्यावर हातात काहीतरी असलेलं बरं, आणि ते त्यांना नको असणार नाही.

तर आता तू दार उघडलं असशील. ते पत्र पुढे करतील. "विनायकान दिलां," म्हणतील. मग बसबद्दल बोलतील, कंडक्टरने कसे आंबे पायाखाली ठेवायला लावले ते. मग यंदा मानकुरादला मोहोर कमी. मग भावोजी दिसले तर त्यांच्याशी लगेच भांडण काढायला बघतील, कारण ते सोपं आहे. भावोजींना आत पाठव.

तू मधे बोलू नकोस, बाय. "राहू दे बाबा, कळलं मला" असं तर अजिबात म्हणू नकोस. तुझा जीव वितळेल आणि तू तसं म्हणशील म्हणूनच हे लिहितो आहे. ते जे सांगायला आलेत ते त्यांना सांगू दे. मराठीत सांगतील की आपल्या घरच्या बोलीत, मला ठाऊक नाही. त्यांनाही नसेल. वेळ लागेल. लागू दे.

बस्स, आता हे पत्र मिटव आणि त्यांच्याकडे बघ.

दादा